आट्यापाट्यांतला कार्बन

यशोधराने वर्गात हात वर केला, तेव्हा तिचा बाप उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या एका गाळ्यात बसून, आग विझवायच्या लाल सिलिंडरांमध्ये गॅस भरत होता. आपल्यावर काय ओढवलंय याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

झालं होतं असं, की अंबरनाथ पश्चिमेच्या त्या शाळेत दर शनिवारी ‘पालकांचा तास’ असायचा. कोणाच्या तरी आई-वडिलांनी यायचं आणि आपल्याला जे येतं ते मुलांना शिकवायचं. एकीच्या आईने दात कसे घासायचे ते शिकवलं, एकाच्या वडिलांनी बँकेत पैसे काढायची चिठ्ठी कशी भरायची ते शिकवलं. मग शलाका टीचरनी विचारलं, “ग्लोबल वॉर्मिंगवर कोणाचे पालक बोलतील?” सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि तेवढ्यात पाचवी अ ची यशोधरा उभी राहिली.

“माझे पप्पा बोलतील, टीचर. ते रोज कार्बन डायऑक्साइडच भरतात.”

मिलिंद संध्याकाळी घरी आला, हातपाय धुऊन चहाचा कप तोंडाला लावला, आणि तेवढ्यात त्याला ही बातमी कळली. चहा नाकात गेला.

“अगं, पण मला काय येतं त्यातलं?”

“तू गॅसवाला आहेस ना?”

“गॅस भरणं वेगळं आणि गॅस समजावणं वेगळं!”

“मग समजून घे,” यशोधरा म्हणाली. “शनिवारपर्यंत वेळ आहे.”

मिलिंद मदतीच्या आशेने बायकोकडे बघू लागला. भावना कणीक मळत होती. ती म्हणाली, “माझ्याकडे काय बघता? मागच्या जयंतीला विहारात आभार मानायला माइक दिला, तर ‘जय भीम’ म्हणून खाली बसलात. तेवढं तरी म्हणून या शाळेत.”

मिलिंद आयटीआय झालेला माणूस. हाताने काहीही करेल. बंद पडलेला पंखा सुरू करेल, गळका नळ बसवेल, पण चार माणसांसमोर उभा राहिला की त्याच्या जिभेला कुलूप लागायचं. त्याने नाही म्हणायचं ठरवलंच होतं. पण यशोधराचा चेहरा एकदम उतरला.

“नाही म्हणालास तर सुजित मला सोडणार नाही,” ती म्हणाली.

हा सुजित बदलापुरातल्या हेंद्रेपाड्याहून शाळेत यायचा. उन्हाळ्यात टीव्हीवर ‘सर्वाधिक तापमान बदलापुरात’ अशी पट्टी आली, की दुसऱ्या दिवशी तो वर्गात असा यायचा जणू हे तापमान त्याच्या घरच्यांनीच कमावलंय. अंबरनाथच्या मुलांना म्हणायचा, “तुमचं काय, एक डिग्री कमीच!” पण यशोधराच्या पप्पांचं काम कळल्यापासून त्याने सूर बदलला होता. वर्गभर सांगत सुटला होता, “हिचे पप्पाच कार्बन भरतात. म्हणजे बदलापूर कोणामुळे तापतंय ते समजलं ना?”

“खरं आहे का ते?” यशोधराने विचारलं. “तुझ्यामुळे गरम होतं?”

आता आला का प्रश्न? मिलिंदने कप खाली ठेवला. “अगं, आम्ही गॅस बनवत नाही. दुसऱ्या कारखान्यात तो आपोआप निघतो, नाहीतर हवेतच गेला असता. तो पकडून आणतात, तोच आम्ही भरतो. खरा ढीगभर कार्बन तर कोळसा जाळून, पेट्रोल-डिझेल जाळून येतो.”

“मग हे वर्गात येऊन सांग.”

असा मिलिंद शब्दात सापडला.

पहिला प्रयत्न त्याने घरीच केला. कॉटवरची चादर घेतली, यशोधराला खाली बसवलं आणि तिच्या डोक्यावरून पांघरली. “हे बघ. तू पृथ्वी. ही चादर म्हणजे हवेतला कार्बन. आता गरम होतंय की नाही?”

एप्रिल महिना होता. चादरीच्या आतून उत्तर आलं, “चादर नव्हती तेव्हाही होतच होतं.”

“पण आता जास्त होतंय ना?”

“हो. पण पप्पा, ऊन आत कुठून आलं? चादर आहे तर ऊन पण बाहेरच अडकायला पाहिजे. मग पृथ्वी गार नको का पडायला?”

मिलिंदने चादर काढली. घामेजलेली पृथ्वी त्याच्याकडे रोखून बघत होती.

दुसऱ्या दिवशी गाळ्यावर त्याने मालकासमोर आपलं दुखणं मांडलं. हरेशशेठ म्हणजे गप्पांचा शौकीन माणूस. गिऱ्हाईक नसेल तर कोणत्याही विषयावर बोलायला तयार. त्यांनी लगेच तोडगा काढला.

“अरे साईं, सोपं आहे! माझी गाडी बघ. सकाळपासून उन्हात उभी आहे, काचा बंद. जा, जरा आत बसून ये.”

मिलिंद जाऊन बसला आणि उडी मारूनच बाहेर आला. सीट तव्यासारखी तापली होती.

“देखा? काचेतून ऊन आत येतं, गरमी बाहेर जात नाही. बस, हेच ग्लोबल वॉर्मिंग. मुलांना मेरी गाडी दिखा दे!”

मिलिंद खूश झाला. संध्याकाळी त्याने ऐटीत यशोधराला गाडीचा दाखला दिला. तिने नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि खिडकीतून वर बघत विचारलं, “आकाशात काच कुठाय?”

“काच नाही गं, काचेसारखं...”

“काचेसारखं काय?”

“गॅस.”

“गॅसमधून तर सगळंच जातं. ऊन येताना गॅसला दिसत नाही आणि जाताना दिसतं, असं कसं?”

पोरीने नेमकं जिथे दुखत होतं तिथेच बोट ठेवलं होतं. ऊन ज्या वाटेने आत येतं, त्याच वाटेने बाहेर का जात नाही? मिलिंद आता इरेला पेटला. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तो मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागला. एकदा बघितला, पुन्हा बघितला, मागे नेऊन परत बघितला. हरेशशेठ पण खांद्यावरून डोकावून बघत होते. शेवटी एकदाची गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली. सूर्याकडून येतो तो उजेड. उजेड हवेतून सरळ पार होतो, कार्बन त्याला अडवत नाही. जमिनीवर पडला की जमीन तापते, आणि तापलेली जमीन मग आपली उष्णता वर सोडते. ही उष्णता डोळ्यांना दिसत नाही, पण कार्बन तिलाच पकडतो. येतो तो उजेड आणि जाते ती उष्णता. वाट एकच, पण जाणारा वेगळा झालेला असतो!

“समझ गया?” हरेशशेठनी विचारलं.

“समजलं.”

“तो मुझे समझा.”

मिलिंदने तोंड उघडलं, हात हलवले, “म्हणजे बघा, ते इन्फ्रारेड...” असं काहीतरी बोलला आणि थांबला. हरेशशेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “डोक्यात आलंय, मुँह में नहीं आया. तू असं कर, आपला एक सिलिंडर घेऊन जा. मुलांना बोलून नको दाखवू, करून दाखव.”

हे मात्र मिलिंदला पटलं. करून दाखवणं हा त्याचा प्रांत. त्याने बेत आखला. दोन मोठ्या प्लास्टिकच्या बरण्या घ्यायच्या. एकीत साधी हवा, दुसरीत सिलिंडरमधला कार्बन. दोन्हींत थर्मामीटर ठेवायचे, बरण्या उन्हात ठेवायच्या. कार्बनवाली बरणी जास्त तापणार, मुलं टाळ्या वाजवणार, आणि सुजितचं तोंड बंद होणार.

शनिवार उजाडला. मिलिंद इस्त्रीचा शर्ट घालून, स्कूटरच्या पुढे लाल सिलिंडर आणि मागे यशोधरा असा शाळेत पोहोचला. शलाका टीचरनी अख्ख्या वर्गाला मैदानात आणलं होतं. शाळेत नवीन लागलेल्या या तरुण टीचर उत्साही होत्या, पण सिलिंडर बघून त्यांचाही आवाज जरा बारीक झाला. “फुटणार नाही ना हे?”

“नाही मॅडम, मी रोज भरतो. फक्त मुलांना लांब उभं करा.”

मुलं लांब उभी राहिली. मिलिंदने घसा खाकरला. “तर मुलांनो, ग्लोबल वॉर्मिंग म्हणजे... इन्फ्रारेड जे असतं...” मुलांनी डोळे मिटमिटवले. मिलिंदला दरदरून घाम फुटला. त्याने बोलणं सोडून दिलं, पिन काढली, सिलिंडरच्या नळीचा भोंगा बरणीत धरला आणि दांडी दाबली.

फुस्सऽऽऽ!

पांढरा धूर असा उसळला की मुलं किंचाळली, नाचली, शिट्ट्या वाजवल्या. “काका, एक बार और!” मिलिंदची छाती फुगली. त्याने बरणीत थर्मामीटर सोडला, झाकण लावलं आणि दोन्ही बरण्या उन्हात ठेवल्या. “आता जरा वेळ थांबा. बघा कुठली बरणी जास्त तापते.”

मुलं बरण्यांभोवती गोळा झाली. पहिल्यांदा सुजितच ओरडला. “काका! कार्बनच्या बरणीवर बर्फ आलाय!”

खरंच आला होता. बरणीच्या बाहेरून पांढरी साय धरली होती आणि थर्मामीटरचा पारा वर चढायचं सोडून खाली निघाला होता. साध्या हवेची बरणी मात्र छान तापत होती.

मिलिंदने कपाळावर हात मारला. सिलिंडरमधून जोरात सुटणारा गॅस बर्फासारखा गार असतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? रोज त्या भोंग्याने त्याची बोटं बधिर व्हायची. हरेशशेठनाही माहीत होतं. इतका बेत आखला, पण ही एक गोष्ट दोघांपैकी एकालाही सुचली नव्हती!

“म्हणजे कार्बनने थंड होतं!” सुजितने जाहीर केलं. “काका, आमच्या हेंद्रेपाड्यात येऊन एकदा मारा ना हे! एसीची गरजच नाही!”

सगळा वर्ग खो-खो हसायला लागला. यशोधरा हसत नव्हती. ती खाली बघून बुटाने माती उकरत होती. मिलिंदला वाटलं, सिलिंडर उचलावा आणि तडक उल्हासनगर गाठावं.

तो खरंच निघाला असता. पण सिलिंडर उचलायला वाकला, तेव्हा त्याला पायाखाली पांढरी रेघ दिसली. क्रीडादिनासाठी मैदानावर फक्कीने आखलेली ती खो-खोची रेघ होती. आता मिलिंद लहानपणी कॅम्प ५ च्या मैदानात आट्यापाट्या खेळलेला. आडव्या रेघांवर, म्हणजे पाट्यांवर, उभ्या राहिलेल्या पोरांना हुलकावण्या देत पार जायचं, आणि पकडलं गेलं की बाद. त्या खेळात त्याला पाटीवरून कोणी हलवू शकत नसे. रेघ बघितली, आणि गेले काही दिवस डोक्यात अडकून पडलेली गोष्ट त्याच्या हातापायांत आली.

“मॅडम, फक्की मिळेल?”

फक्की आली. मिलिंदने मैदानावर भराभर आडव्या पाट्या मारल्या. आता त्याचा आवाजही मोकळा झाला होता. “ऐका रे! तिकडच्या टोकाला सूर्य. इकडे, भिंतीपाशी, पृथ्वी. मधे हवा. पृथ्वी कोण होतंय?”

माया नावाच्या एका शांत मुलीला सगळ्यांनी पुढे ढकललं. ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.

“बाकीचे सगळे ऊन. सूर्याकडून पळत यायचं, पृथ्वीला हात लावायचा आणि परत निघायचं. पाट्यांवर उभा राहील तो कार्बन. पण येताना कार्बनने कोणाला पकडायचं नाही. परत जाताना पकडायचं.”

“पण येणारा कोण आणि जाणारा कोण, ते गर्दीत कळणार कसं?” हा आवाज यशोधराचा होता. ती माती उकरायची सोडून पुढे आली होती.

मिलिंदने डोकं खाजवलं. यशोधराने मात्र आपल्या वेणीची लाल रिबीन सोडली. “पृथ्वीकडे रिबिनी ठेवायच्या. हात लावला की ती तुम्हाला रिबीन देईल. रिबीन नाही तो उजेड, आणि रिबीन आहे तो उष्णता. कार्बनला फक्त रिबीन दिसते. हो ना पप्पा?”

“अगदी तस्सं!” मिलिंद म्हणाला, आणि पोरीकडे बघतच राहिला.

मुलींच्या वेण्या सुटल्या. मायाच्या हातात लाल रिबिनींचा गुच्छ जमला. मुलांनी गळ्यात रिबीन घालायला आधी नाक मुरडलं, पण खेळ हातचा जाईल म्हणून तयार झाली.

पहिल्या डावात मिलिंदने एकही कार्बन ठेवला नाही. ऊन धावत आलं, रिबिनी घेतल्या आणि बिनबोभाट परत गेलं. भिंतीपाशी माया एकटी उरली.

“कसं वाटतंय पृथ्वीला?”

“बोअर होतंय, काका. कोणीच नाही.”

“बघा! कार्बन मुळीच नसता, तर सगळी उष्णता अशी निघून गेली असती आणि आपण सगळे गारठलो असतो. म्हणजे कार्बन काही चोर-दरोडेखोर नाही. थोडा पाहिजेच.”

दुसऱ्या डावात त्याने मोजकी मुलं पाट्यांवर उभी केली. त्यांत यशोधरा होती. रिबीन दिसली की ती झेप घालायची. पकडला गेलेला परत पृथ्वीकडे जायचा, हात लावायचा, पुन्हा निघायचा. काही सुटत होते, काही अडकत होते. मायाभोवती कायम थोडीफार मंडळी असायची. ती हसून म्हणाली, “आता मस्त आहे.”

“ही आपली जुनी पृथ्वी,” मिलिंद म्हणाला. “आता कोळसा जाळा, गाड्या पळवा, कारखाने चालवा. कोणाला व्हायचंय कार्बन?”

अर्ध्या मैदानाने हात वर केले. पकडण्यात जी मजा आहे ती पळण्यात कुठे? त्यातच शेजारच्या वर्गाची मधली सुट्टी झाली, आणि पाचवी ब मधली मुलंही धावत येऊन पाट्यांवर उभी राहिली. एवढा गोंगाट झाला की मुख्याध्यापक हरिचंद्र सर आपल्या खोलीतून बाहेर आले.

हरिचंद्र सर म्हणजे शिस्तीचा पुतळा. त्यांना बघितलं की व्हरांड्यातली कबुतरंही गप्प व्हायची, असं मुलं म्हणायची. मैदानात फक्की सांडलेली, मुलींच्या वेण्या सुटलेल्या, मुलांच्या गळ्यात रिबिनी. सरांच्या भुवया वर गेल्या.

“शलाका मॅडम, हा विज्ञानाचा तास आहे?”

शलाका टीचर चाचरल्या. मिलिंदच्या जिभेला पुन्हा कुलूप लागलं. पण पृथ्वी होऊन होऊन कंटाळलेली माया पटकन म्हणाली, “सर, तुम्ही पृथ्वी व्हा ना! तुम्ही कोणाला घाबरत नाही.”

“गोल पण आहेत,” सुजित कुजबुजला. मिलिंदला जोराचा खोकला आला.

सरांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. पण ‘कोणाला घाबरत नाही’ हे मात्र त्यांना आवडलेलं दिसलं. “काय करायचं असतं पृथ्वीने?” त्यांनी गंभीरपणे विचारलं.

“काही नाही सर,” माया म्हणाली. “नुसतं उभं राहायचं. आणि रिबीन द्यायची.”

तिसरा डाव सुरू झाला. ऊन आलं, सरांना हात लावला, रिबिनी घेऊन निघालं आणि पहिल्याच पाटीवर सापडलं. परत फिरलं. तोवर मागून नवं ऊन आलंच. त्यालाही रिबिनी मिळाल्या, तेही अडकलं. सरांभोवती पोरांचा असा गराडा पडला की त्यांचा फक्त चष्मा वर दिसत होता, आणि तोही वाफेने पांढरा झाला होता.

“अरे, बाजूला व्हा! गुदमरलो!”

“सर, पृथ्वीला पळता येत नाही!” मुलं ओरडली.

“मग कार्बन कमी करा! हा माझा हुकूम आहे! अर्धे कार्बन मैदानाबाहेर!”

आणि इथे खरी गंमत झाली. पाटीवरून एकही कार्बन हलेना.

“आम्ही का जायचं? पाचवी अ वाले मघापासून पकडतायत, त्यांना सांगा!”

“तुमची पोरं जास्त आहेत, तुम्ही जा!”

“आम्ही तर आत्ता आलो! हमारा टर्न अभी शुरू हुआ है!”

“पहिले तो जाऊ दे, मग मी जातो.”

भांडण जुंपलं, आणि मधल्या मधे सर शिजत होते. शलाका टीचर तोंडाला पदर लावून हसत होत्या. मिलिंदने हात वर करून ओरडून बघितलं, पण कोण ऐकतंय? त्याची नजर यशोधरावर गेली. ती शेवटच्या पाटीवर, पाय रोवून उभी होती. आजच्या खेळातली सगळ्यात तरबेज कार्बन ती. तिलाही जायचं नव्हतं, हे तिच्या आवळलेल्या ओठांवरून कळत होतं. तिने सरांकडे बघितलं, बापाकडे बघितलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि पाटी सोडली. जाता जाता शेजारच्या पाटीवरच्या सुजितची बाही धरली.

“ए, मला का ओढतेस?”

“बदलापूर तापतंय ना तुझं? चल मग!”

सुजित ओढला गेला, पण जाताना त्याने आपल्या मित्राला ओढलं, मित्राने आणखी एकाला. कुरकुरत, एकमेकांना ढकलत पाट्या रिकाम्या व्हायला लागल्या. तरी सरांभोवतीची गर्दी काही लगेच ओसरली नाही. अडकलेले एकेक करून सुटत होते.

“अजून गरमच आहे!” आतून सरांचा आवाज आला.

“वेळ लागतो, सर,” मिलिंद म्हणाला. मुख्याध्यापकांशी आपण न चाचरता बोललो, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं.

घंटा झाली तेव्हा पृथ्वी पुरती मोकळी झाली नव्हती. शेवटचं पोरगं हात लावून पळालं, तेव्हा हरिचंद्र सरांनी चष्मा पुसला, शर्ट नीट केला आणि हातात उरलेल्या दोन रिबिनींकडे बघत मिलिंदपाशी आले.

“यशोधराचे पप्पा तुम्ही?”

“हो, सर.”

“पुढच्या शनिवारी सहावीलाही घ्या हे.” ते जायला वळले, मग थांबले. “पृथ्वी मात्र दुसरी शोधा.”

घरी आल्यावर भावनाने विचारलं, “काय, ‘जय भीम’ म्हणून परत आलात ना?”

मिलिंद बोलायच्या आत यशोधरा सुरू झाली. मोकळे केस तोंडावर येत होते, ते मागे सारत तिने सगळं सांगितलं. बरणीवरचा बर्फही लपवला नाही. “इन्फ्रारेड की काय ते बोलला, ते कोणालाच कळलं नाही. प्रयोग तर फुसकाच झाला. पण नंतर बरं शिकवलं.” मग पाणी प्यायली आणि म्हणाली, “सहावीला शिकवायला जाशील तेव्हा मला घेऊन जा. नियम मी सांगेन. तू फक्त रेघा मार.”

“बरं,” मिलिंद म्हणाला. इतक्या वर्षांनी वाकून पाट्या आखून आणि मैदानभर धावपळ करून त्याच्या पोटऱ्या दुखत होत्या. भावनाने बाम आणून दिला, आणि तो पाय पसरून, स्वतःशीच हसत, बाम चोळत बसला.